आधी तोंड पाहा, मग नाव द्या

गेल्या अंकात समुद्री माशांच्या अंगावर राहणाऱ्या परजीवी कोपेपॉडांवर मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे. एका प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : कॉड माशाच्या कल्ल्यांत लटकलेल्या एका लालभडक, वेटोळ्या जंतासारख्या जिवाचं छायाचित्र पाहिलं. खाली लिहिलं होतं ‘कोपेपॉड’. कोपेपॉड म्हणजे पाण्यात तरंगणारे, कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव ना? मग याला पाय, कवच, सांधे काहीच कसं नाही?

तुम्ही पाहिलेला जीव बहुधा लेर्निओसेरा ब्रँकिॲलिस असावा. आणि तो जंत वाटणारे तुम्ही पहिले नाही. लिनीअस यांनी 1758 साली लेर्निया हा वंश स्थापला तेव्हा त्याची रवानगी ‘वर्मीस’ म्हणजे कृमी या भल्यामोठ्या गटात केली होती. देवमासे आणि मोठ्या माशांच्या कातडीत रुतून राहणाऱ्या पेनेलाच्या एका जातीला तर त्यांनी ‘पेनॅट्युला’ म्हणजे समुद्रलेखणी ठरवलं, कारण तिच्या मागच्या टोकाला पिसासारखी झालर असते. पुढे क्यूव्हिए यांनी लेर्नियांना आतड्यातल्या जंतांच्या शेजारी बसवलं. ही सगळी मंडळी निरीक्षणात कच्ची नव्हती. त्यांच्यासमोर फक्त पूर्ण वाढलेली मादी होती, आणि पूर्ण वाढलेली मादी काहीच सांगत नाही.

कोडं सुटलं ते पिल्लांमुळे. 1832 साली अलेक्झांडर फॉन नॉर्डमान यांनी या ‘जंतां’च्या अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या पिल्लांची वाढ तपशीलवार मांडली. पिल्लाला उपांगांच्या तीन जोड्या आणि कपाळावर एक डोळा होता. हे नॉप्लिअस होतं, अनेक कवचधारी प्राण्यांचं लहानपणी असतं तेच रूप. आईकडे बघून ज्याचा पत्ता लागत नव्हता, तो पिल्लाने एका नजरेत दिला. प्राणिशास्त्राच्या इतिहासातल्या मला सर्वांत प्रिय असलेल्या क्षणांपैकी हा एक आहे.

आता लेर्निओसेराचं आयुष्य बघू. अंड्यातून नॉप्लिअस बाहेर पडतो. तो काही खात नाही, अंगातल्या बलकावर जगतो. कात टाकून त्याचा कोपेपॉडिड होतो आणि तो फ्लाउंडरसारख्या चपट्या माशाच्या कल्ल्यांवर पकड घेतो. तिथे कपाळातून एक धागा काढून स्वतःला बांधून घेतो. या बांधलेल्या अवस्थेला कॅलिमस म्हणतात. कॅलिमसच्या अवस्था संपल्या की नर-मादी प्रौढ होतात आणि मीलनही याच चपट्या माशावर होतं. इथवर मादी अगदी कोपेपॉडसारखी दिसते. खंड पडलेलं शरीर असतं, पोहण्याचे पाय असतात.

मीलनानंतर नराची भूमिका संपते. मादी चपटा मासा सोडून निघते आणि कॉड, हॅडॉक किंवा व्हाइटिंग गाठते. कल्ल्याच्या कमानीच्या बुंध्याशी ती डोकं आत खुपसते. मग डोक्यातून फांद्या फुटतात आणि ऊतींतून वाट काढत थेट हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जातात. बाहेर उरलेलं धड फुगतं, वळतं, रक्ताने भरतं. खालून अंड्यांच्या गुंडाळलेल्या माळा लोंबतात. तुमच्या छायाचित्रातला ‘जंत’ तो हाच.

पाय मात्र नाहीसे झालेले नाहीत! चपट्या माशावर असताना जेवढे होते तेवढेच ते राहिले, धड तेवढं वाढलं. फुगलेल्या देहाच्या पुढच्या भागात, मानेलगत, सूक्ष्मदर्शकाखाली ते अजून दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा हेच शोधायला लावते. इवलासा, सांधे असलेला, केसाळ पाय दिसला की त्या मुलांचा चेहरा बदलतो. त्यानंतर कवचधारी म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रश्न : एका पुस्तकात परजीवी कोपेपॉडांचे सायफोनोस्टोमॅटॉइडा आणि पोसिलोस्टोमॅटॉइडा असे दोन गण दिले आहेत. दुसऱ्या, नव्या पुस्तकात दुसरा गण गायब आहे. जुन्या काही लेखांत तर कॅलिगॉइडा, लेर्निओपोडॉइडा अशी तिसरीच नावं आहेत. बरोबर काय?

पदवीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न छळतो हे मला ठाऊक आहे. नावं पाठ करण्याऐवजी भांडण कशावरून होतं ते समजून घ्या, मग नावं आपोआप जागेवर बसतात.

परजीवी झालेल्या प्राण्याचं शरीर पोशिंद्याच्या, म्हणजे ज्याच्या जिवावर तो जगतो त्याच्या, गरजेप्रमाणे बदलतं. म्हणून बाहेरच्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही. तोंडाची घडण मात्र सहजासहजी बदलत नाही. हे स्वीडनच्या थोरेल यांनी 1859 साली ओळखलं आणि कोपेपॉडांचे तोंडावरून तीन भाग केले : चावणारे नॅथोस्टोम, पोसिलोस्टोम आणि नळीतोंडे सायफोनोस्टोम. पोसिलोस्टोमांना जंभ, म्हणजे जबड्याची पहिली जोडी, नसतेच असं त्यांचं म्हणणं होतं. ते पुढे चूक ठरलं, पण तोंडाकडे बघण्याची दिशा बरोबर होती.

नंतर नॉर्वेचे जॉर्ज ओसियन सार्स आले. समुद्री कवचधाऱ्यांची इतकी देखणी आणि नेमकी चित्रं काढणारा माणूस विरळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तोंडावरची विभागणी बाजूला ठेवून सात गट मांडले. तुमच्या जुन्या लेखांतली कॅलिगॉइडा आणि लेर्निओपोडॉइडा ही नावं याच परंपरेतली. सार्स यांचा दबदबा एवढा होता की ही मांडणी अर्ध्या शतकाहून जास्त चालली. तिच्यातली अडचण ही, की परजीवीपणाने आलेला सारखेपणा आणि नात्याने आलेला सारखेपणा तिच्यात मिसळून गेला.

1979 साली झ्बिग्न्येव काबाता यांनी तोंडाचा मुद्दा पुन्हा मध्यभागी आणला. काबाता जन्माने पोलिश, कामाची बरीच वर्षं कॅनडात. त्यांच्या मांडणीनंतर सायफोनोस्टोमॅटॉइडा आणि पोसिलोस्टोमॅटॉइडा हे गण म्हणून रुळले. 1991 साली हाउस आणि बॉक्सशॉल यांनी सगळ्या कोपेपॉडांचे दहा गण मांडले, त्यांत हे दोन्ही होते. तुमचं पहिलं पुस्तक या काळातलं दिसतं. 2004 साली बॉक्सशॉल आणि हॅल्सी यांनी पोसिलोस्टोमॅटॉइडा हा गण सायक्लोपॉइडा गणात सामावून घेतला. कारण साधं आहे. हे जीव सायक्लोपॉइडांच्याच पोटातून निघालेली शाखा आहेत. मुलाला वेगळं घराणं म्हणून काढलं तर उरलेलं बापाचं घराणं अपुरं राहतं.

तेव्हा नवं पुस्तक बरोबर आहे. ‘पोसिलोस्टोम’ हा शब्द मात्र आम्ही रोज वापरतो, कारण तोंडाच्या त्या प्रकाराला दुसरं सोयीचं नाव नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली फरक असा दिसतो. सायफोनोस्टोमात वरचा आणि खालचा ओठ मिळून एक शंकू किंवा नळी होते. आत काडीसारखे दोन जंभ असतात आणि त्यांच्या टोकाला बारीक दात. नळी माशाच्या कातडीवर टेकते, जंभ खरवडतात. पोसिलोस्टोमात नळी नसते. तोंड उघडं, चिरेसारखं, आणि जंभ विळ्यासारखे वाकडे. माशांवरचे बहुतेक समुद्री कोपेपॉड पहिल्या प्रकारात येतात : कॅलिजिडी, पँडॅरिडी, पेनेलिडी, लेर्निओपोडिडी, स्फायरिडी आणि आणखी कितीतरी कुलं. दुसऱ्या प्रकारात एर्गासिलिडी, बोमोलोकिडी, काँड्रॅकँथिडी, आणि फिलिक्थिडी. फिलिक्थिडी माशाच्या डोक्यातल्या आणि पार्श्वरेषेतल्या श्लेष्माच्या नळ्यांमध्ये राहतात. मासा कितीही उलटापालटा केला तरी ते बाहेरून दिसत नाहीत, म्हणून फार कमी लोकांनी ते पाहिले आहेत.

तोंडाचं महत्त्व पटायला एकच जोडी पुरे. गोड्या पाण्यातल्या माशांवरचा लेर्निया आणि समुद्रातला लेर्निओसेरा. दोघांच्याही मादीचं डोकं मांसात रुतलेलं, डोक्याला नांगरासारख्या फांद्या, धड बाहेर लोंबतं. शतकभराहून अधिक काळ ही दोन नावं एकमेकांत गुंतून पडली होती. पण लेर्निया सायक्लोपॉइडा गणातला आहे आणि लेर्निओसेरा सायफोनोस्टोमॅटॉइडा गणातला. मांसात रुतून बसण्याची तीच युक्ती दोन वेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे साधली.

प्रश्न : कॅलिगस आणि लेपिऑफ्थिरस यांत फरक कसा ओळखायचा? दोन्ही चपटे, पारदर्शक आणि माशाच्या अंगावर पळणारे दिसतात.

डोक्याच्या पुढच्या कडेला पाहा. कॅलिगसला तिथे चंद्रकोरीसारख्या दोन चूषकचकत्या असतात, लेपिऑफ्थिरसला नसतात. साध्या भिंगानेही हे जमतं, फक्त उजेड खालून घ्या.

दोघांतलं साम्यही सुरेख आहे. डोकं आणि छातीचा पुढचा भाग मिळून एक ढाल होते आणि तिसऱ्या पायांची जोडी रुंद होऊन ढालीची मागची बाजू बंद करते. संपूर्ण प्राणीच एक चूषक होतो. त्यामुळे वेगाने पोहणाऱ्या माशावरूनही तो वाहून जात नाही, आणि तरी हवा तेव्हा सरकू शकतो.

वंश ओळखणं सोपं, जात ओळखणं कष्टाचं. कॅलिगसच्या अडीचशेहून जास्त जाती ज्ञात आहेत. तिथे चौथ्या पायावरचे काटे मोजावे लागतात, छातीच्या खालच्या बाजूच्या दुबेळक्याचा आकार पाहावा लागतो, शृंगिकेमागच्या काट्याची लांबी पाहावी लागते. चौथा पाय खुरटलेल्या जातींसाठी पूर्वी स्यूडोकॅलिगस असा वेगळा वंश होता. 2013 साली तोही कॅलिगसमध्ये विलीन झाला. जाती ओळखण्याची जुनी किल्ली वापरत असाल तर एवढं लक्षात ठेवा.

पोशिंद्यावरून नाव ठरवण्याचा मोह टाळा. कॅलिगस इलाँगॅटस ऐंशीहून अधिक जातींच्या माशांवर सापडला आहे, तर लेपिऑफ्थिरस सॅल्मोनिस सॅमन आणि त्याच्या जवळच्या नातलगांना सहसा सोडत नाही. मासा हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

प्रश्न : या सगळ्या बारकाव्यांचा प्रत्यक्ष उपयोग काय? काटे मोजून कोणाचं काय भलं होतं?

प्रश्न रोखठोक आहे आणि मला तो आवडला.

मघाशी उल्लेख केलेला लेपिऑफ्थिरस सॅल्मोनिस म्हणजेच सॅमनची ऊ. पिंजऱ्यांत सॅमन पाळणाऱ्यांचा हा सर्वांत मोठा शत्रू. तो श्लेष्मा, कातडी आणि रक्त खातो. जखमा वाढल्या की माशाच्या अंगातल्या क्षारांचा तोल जातो. नॉर्वेत एका माशामागे सरासरी किती प्रौढ माद्या चालतील याची कायदेशीर मर्यादा आहे : साधारणपणे 0.5, आणि वसंतात लहान रानटी सॅमन समुद्राकडे निघतात तेव्हा 0.2. म्हणजे तिथे माणसं नियमाने उवा मोजतात. मोजायचं तर कॅलिगस कोणता आणि लेपिऑफ्थिरस कोणता, मादी प्रौढ आहे की व्हायची आहे, हे समजलं पाहिजे. ते ज्ञान काटे मोजणाऱ्यांकडूनच आलं.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती वर्गीकरणाच्या थेट गाभ्याशी जाते. या उवेला चार कॅलिमस अवस्था असतात असं कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. त्या हिशेबाने आयुष्याच्या एकूण दहा अवस्था होत. 2013 साली नॉर्वेच्या संशोधकांनी प्रत्येक कातीवर लक्ष ठेवलं आणि दाखवलं की कॅलिमस अवस्था दोनच आहेत. म्हणजे दोन नॉप्लिअस, एक कोपेपॉडिड, दोन कॅलिमस, दोन पूर्वप्रौढ आणि एक प्रौढ, एकूण आठ. कॅलिगस इलाँगॅटसमध्ये दोन नॉप्लिअस, एक कोपेपॉडिड, चार कॅलिमस आणि प्रौढ. तेही आठच! दोन वंशांतला एक मोठा वाटणारा फरक त्या दिवशी नाहीसा झाला. औषध कोणत्या अवस्थेवर चालतं आणि ती अवस्था किती दिवसांनी येते याचा हिशेबही याच आकड्यांवर उभा असतो. 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अंड्यापासून प्रौढ नर व्हायला सुमारे 40 दिवस लागतात आणि मादीला सुमारे 52.

2014 साली अटलांटिक आणि पॅसिफिकमधल्या उवा जनुकीय फरकांवरून दोन उपजाती ठरल्या. एका महासागरातलं निरीक्षण दुसऱ्याला डोळे मिटून लावू नये, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

पण मनातलं सांगायचं तर उपयोग नसता तरी मी हेच काम केलं असतं. एखाद्या जिवाला त्याचं खरं नातं मिळवून देणं हे मला पुरेसं मोलाचं वाटतं.

प्रश्न : शार्कच्या डोळ्यांत राहणारा कोपेपॉड खरंच आहे का? की ही नुसती ऐकीव गोष्ट?

खरा आहे. नाव ओमॅटोकॉयटा इलाँगेटा, कुल लेर्निओपोडिडी. ग्रीनलंड शार्क आणि पॅसिफिक स्लीपर शार्क यांच्या डोळ्याच्या पारपटलावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, मादी स्वतःला कायमची जखडते आणि पाच सेंटिमीटरच्या आसपास वाढते. पारपटलाला व्रण पडतात, नजर अधू होते. हा लोंबता जीव चमकून शार्ककडे भक्ष्य ओढून आणतो, अशी कथा सांगितली जाते. तिला पुरावा नाही, ती सोडून द्या.

या कुलाची पकड कशी असते ते मात्र जाणून घ्या. मादीच्या दोन ‘बाहू’ टोकाशी एकत्र येतात आणि एका गाठीला धरून असतात. ही गाठ माशाच्या ऊतीत घट्ट रुतते, सदऱ्याच्या काजात अडकलेल्या बटणासारखी. गाठ स्वतः जिवंत नसते. मादीच्याच डोक्यातल्या ग्रंथीने ती कोवळ्या वयात स्रवलेली असते. एकदा बसली की मादी तिथून हलत नाही. नर इवलासा असतो आणि मादीच्याच अंगावर सापडतो. काँड्रॅकँथिडी कुलातही असेच बुटके नर असतात, मादीच्या जननछिद्राजवळ चिकटलेले. ते कुल पोसिलोस्टोमांचं, म्हणजे ही सोयसुद्धा दोनदा स्वतंत्रपणे आली. नमुना तपासताना नर कचरा समजून पुसला जातो. मादीचं पोट नीट बघितल्याशिवाय ब्रश फिरवू नका.

डोळ्यांत राहणारे आणखीही आहेत. स्प्रॅट माशावर लेर्नीनिकस स्प्रॅटी, ॲरोटूथ फ्लाउंडरवर फ्रिक्सोसेफॅलस सिनसिनॅटस. हे दोन्ही पेनेलिडी, लेर्निओसेराचे जवळचे नातलग.

प्रश्न : माशाची जीभ खाऊन तिच्या जागी बसणारा जीव कोपेपॉडच ना? आणि आर्ग्युलस?

दोन्ही नाहीत. जिभेच्या जागी बसणारा सायमोथोआ एक्झिग्वा हा आयसोपॉड आहे, लाकडाखाली सापडणाऱ्या वुडलाउसच्या गोतावळ्यातला. आर्ग्युलस या माशांच्या अंगावरच्या परजीवी कवचधाऱ्याला पूर्वी कोपेपॉडांत धरत, आता नाही. त्याला दोन संयुक्त डोळे असतात, आणि तो अंडी अंगावर न बाळगता दगडांवर चिकटवतो. माशांवरच्या कोपेपॉडाची मादी अंडी पिशवीत किंवा माळेत स्वतःबरोबर वाहते. अंड्यांच्या जोड माळा लोंबताना दिसल्या तर कोपेपॉड समजायला हरकत नाही.

प्रश्न : मासा साफ करताना असा जीव सापडला तर काय करावं? माणसाला त्रास होतो का?

त्रास होत नाही. माशावरचे कोपेपॉड माणसाच्या शरीरात जगत नाहीत.

जपायचा असेल तर ओढू नका. पेनेलिडी किंवा स्फायरिडी असेल तर मान तुटते आणि डोकं मांसातच राहतं. जात ठरते ती बहुतेक वेळा त्या डोक्याच्या फांद्यांवरून. आजूबाजूच्या मांसाचा तुकडा कापून तो तसाच 70 टक्के इथेनॉलमध्ये टाका. डीएनए तपासायचा असेल तर 95 टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल घ्या. फॉर्मॅलिन टाळा, डीएनए खराब होतो. अंड्यांच्या माळा तोडू नका. अंडी एका रांगेत चवडीसारखी रचलेली आहेत की गुच्छात, यावरूनही पुष्कळ कळतं.

तपासायला मी अजूनही ह्यूम्स आणि गुडिंग यांनी 1964 साली सांगितलेली रीतच वापरते. लाकडी पट्टीला मधोमध भोक पाडायचं, त्यावर काचेची पातळ चकती बसवायची आणि लॅक्टिक आम्लाच्या थेंबात नमुना ठेवायचा. आम्लाने ऊती पारदर्शक होतात आणि पट्टी उलटून दोन्ही बाजूंनी पाहता येतं. मग सुईने एकेक पाय सुटा करायचा. घाई केली की पाय मोडतो.

आणि बाटलीच्या आत, बाहेर नव्हे, एक चिठ्ठी टाका. पेन्सिलने लिहा, शाई इथेनॉलमध्ये विरघळते. माशाची जात, तो कोणत्या पाण्यातला, तारीख, आणि जीव नेमका कुठे चिकटला होता : कल्ल्याच्या कोणत्या कमानीवर, परावर, तोंडाच्या टाळूला की डोळ्यात. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात. ती नसेल तर नमुना कितीही सुंदर असला तरी माझं निम्मं काम अडतं.